भुताचे पाऊल आणि माणसाचा हात

पावसाळ्यात रात्रीची जेवणे आटोपली, दिवा बारीक झाला आणि ओसरीवर चार माणसे जमली, की बोलता बोलता विषय भुताखेतांवर यायला वेळ लागत नाही. कुणाच्या आजोबांना तिठ्यावर चकवा लागलेला असतो, तर कुणाच्या मामाने ओढ्याकाठी आपोआप चालणारा दिवा पाहिलेला असतो. ऐकणारा वरवर हसतो खरा, पण घरी जाताना दोनदा मागे वळून पाहतो. इथपर्यंत ही सारी गंमत आहे. पण समजा, गावात एखादा माणूस अचानक मेला आणि लोक म्हणाले, ‘झपाटला हो!’ तर मग पुढची चौकशीच थांबते. भुतावर खटला कोण भरणार? त्याला ना समन्स बजावता येते, ना बेडी घालता येते. आणि ज्याला चौकशी नको असते, अशा माणसाला याहून सोयीचे दुसरे काय हो असणार?

नेमक्या याच सोयीवर उभारलेल्या एका इंग्रजी कादंबरीविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. तिचे नाव ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, म्हणजे बास्करव्हिल घराण्यामागे लागलेला शिकारी कुत्रा. लेखक सर आर्थर कॉनन डॉइल. त्यांचा शेरलॉक होम्स नावाचा हेर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. रहस्यकथेचे रहस्य आधी फोडू नये असा शिष्टाचार आहे. पण ही कथा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचे मर्म शेवट सांगितल्यावाचून उलगडत नाही, म्हणून तो शिष्टाचार आज मोडतो. आपण राग मानू नये.

डॉइल हे धंद्याने डॉक्टर. एडिंबरो येथे १८५९ साली त्यांचा जन्म झाला आणि वैद्यकाचे शिक्षणही तिथेच झाले. होम्सच्या कथांनी त्यांना अमाप कीर्ती दिली, पण पुढे ते स्वतःच या हेराला कंटाळले आणि १८९३ साली एका कथेत त्यांनी त्याला मारून टाकले. वाचक हळहळले. आठ वर्षांनी ‘स्ट्रँड’ मासिकात ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत ही नवी कादंबरी क्रमशः आली आणि होम्स पुन्हा वाचकांपुढे उभा राहिला. ही हकीकत त्याच्या मृत्यूआधीची आहे, एवढी सोय लेखकाने ठेवली होती. डेव्हन परगण्याकडील एक दंतकथा डॉइल यांना फ्लेचर रॉबिन्सन नावाच्या पत्रकार मित्राकडून कळली. तिच्यातून या कादंबरीचे बीज पडले.

कथा घडते ती इंग्लंडच्या नैऋत्येस, डार्टमूर नावाच्या प्रदेशात. हा प्रदेश खरोखरीचा आहे, कल्पित नाही. आपल्याकडचे उजाड माळरान डोळ्यांपुढे आणा, त्यावर काळ्या खडकांचे सुळके उभे करा आणि मग ते सारे धुक्यात नि पावसात भिजत ठेवा, म्हणजे डार्टमूरची थोडीफार कल्पना येईल. सखल जागी शेवाळ आणि गवत वर्षानुवर्षे कुजून खोल दलदल झालेली आहे. वरून हिरवेगार दिसते, पण पाय पडला की माणूस कमरेपर्यंत रुतलाच. जवळच प्रिन्सटाउन गावी मोठा तुरुंग आहे. नेपोलियनच्या लढायांतील फ्रेंच कैद्यांसाठी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला गेला. अशा ठिकाणी भुताची गोष्ट रुजायला वेगळे खतपाणी लागत नाही.

बास्करव्हिल हे तिथले जमीनदार घराणे. त्यांच्याकडे १७४२ सालचा एक हस्तलिखित कागद आहे. त्यात लिहिले आहे की, ह्यूगो नावाच्या एका उन्मत्त पूर्वजाने एका शेतकऱ्याची मुलगी पळवून आणून कोंडून ठेवली. ती निसटली, तेव्हा त्याने तिच्यामागे कुत्री सोडली. शेवटी माळावर ती पोर भीतीने आणि थकव्याने मेली, आणि ह्यूगोच्या छाताडावर एक राक्षसी काळा कुत्रा उभा असलेला त्याच्या साथीदारांनी पाहिला. तेव्हापासून तो कुत्रा या घराण्याचा घास घेतो आहे, अशी समजूत.

आता त्या घराण्यातले सर चार्ल्स हे वृद्ध, श्रीमंत आणि दानशूर गृहस्थ एका रात्री बागेच्या वाटेवर मरून पडलेले सापडतात. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही, चेहरा मात्र भीतीने ओळखू न येण्याइतका बदललेला. हृदय दुबळे होते, असे डॉक्टर सांगतात आणि सरकारी चौकशी संपते. परंतु त्यांचे स्नेही डॉक्टर मॉर्टिमर यांनी एक गोष्ट त्या चौकशीत सांगितलेली नसते. प्रेतापासून काही अंतरावर त्यांना एका प्रचंड कुत्र्याची पावले उमटलेली दिसली होती. हे गृहस्थ विज्ञानाचे अभ्यासक, पण मनातून अर्धेअधिक डळमळलेले. आपण भुताबद्दल बोललो तर लोक हसतील, ही त्यांची अडचण. ते होम्सकडे येतात ते या अडचणीतून.

इथे कादंबरीतील एका बारीक गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. सर चार्ल्स मरण्याच्या सुमारास त्या मुलखातल्या तिघांनी माळावर एक मोठे, उजेड फेकणारे जनावर पाहिलेले असते. तिघेही साधी माणसे : एक खेडूत, एक घोड्यांना नाल ठोकणारा आणि एक माळावरचा शेतकरी. आता शहाणपणाचा तोरा मिरवणारा एखादा शहरी माणूस काय म्हणाला असता? ‘अडाणी लोक! काहीतरी बरळतात झालं.’ होम्स तसे म्हणत नाही. तिघेही एकच वर्णन करतात, तेव्हा काहीतरी दिसलेच असले पाहिजे, हे तो धरून चालतो. पुढे असे उघडकीला येते की, ती माणसे खरेच बोलत होती. जनावर होते, मोठे होते आणि चकाकतही होते. त्यांचे डोळे चुकले नव्हते. डोळ्यांनी जे पाहिले त्याला ‘भूत’ हे नाव दिले, एवढीच चूक.

मला वाटते, या कादंबरीत शिकण्यासारखे सर्वांत मोठे काही असेल तर ते हेच. पाहिलेली गोष्ट वेगळी आणि तिच्यावरून ठरवलेली गोष्ट वेगळी. ‘काल रात्री मळ्यात उजेड दिसला’ ही साक्ष झाली. ‘काल रात्री मळ्यात भूत दिसले’ हा निकाल झाला. साक्षीला मान द्यावा, निकालाला पुरावा मागावा.

आता होम्स पुरावा कसा गोळा करतो ते पाहा. मयताचा वारस सर हेन्री कॅनडाहून लंडनला येतो आणि हॉटेलात उतरतो. तिथे त्याचा एक नवा कोरा बूट नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी एक जुना, वापरलेला बूट जातो, आणि नवा मात्र सापडतो. घरातले सारे म्हणतात, नोकराचा निष्काळजीपणा. होम्स विचार करतो, नवा बूट परत करून जुना नेणारा हा कसला चोर? नव्या बुटाला माणसाचा वास नसतो, जुन्याला असतो. म्हणजे कुणाला तरी सर हेन्रीचा वास कुत्र्याला द्यायचा आहे. आणि पिशाच्च कुत्र्याला, बरं का, वास घेण्यासाठी बूट लागत नाही! जो कुत्रा बूट हुंगतो तो हाडामांसाचा असलाच पाहिजे, आणि हाडामांसाच्या कुत्र्याला कुणीतरी मालक असलाच पाहिजे. एका फाटक्या बुटाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या दंतकथेचा पाया हलविला.

होम्सचा दुसरा प्रश्न तर आपल्याकडची म्हातारी माणसेसुद्धा विचारतील : ‘यात फायदा कुणाचा?’ त्या घराण्याची मालमत्ता जवळजवळ दहा लाख पौंडांची होती. सर चार्ल्स गेले, सर हेन्री गेला, तर ती कुणाच्या पदरात पडते? वाड्यातल्या जुन्या तसबिरींपैकी ह्यूगोची तसबीर पाहताना होम्स तिच्यातली टोपी आणि केसांच्या बटा हाताने झाकतो, तो काय? शेजारी राहणाऱ्या स्टेपल्टनचा चेहरा समोर उभा! हा स्टेपल्टन त्याच घराण्याच्या एका परागंदा शाखेतला, नाव बदलून आलेला. सख्ख्या बायकोला तो बहीण म्हणून मिरवतो. शिक्षक मित्रांनी हे जरूर ध्यानात घ्यावे की, हा माणूस पूर्वी शाळा चालवीत असे आणि फुलपाखरे व कीटक यांचा गाढा अभ्यासक होता. म्हणजे विद्या होती, भूत नाही हेही त्याला पक्के ठाऊक होते. आणि त्या विद्येचा त्याने उपयोग केला तो दुसऱ्याच्या भीतीवर जगण्यासाठी. रात्री माळावरून येणारा भयाण आवाज ऐकून डॉक्टर वॉटसन घाबरतो, तेव्हा हाच गृहस्थ त्याला सांगतो की, दलदलीतला चिखल खचताना असे आवाज होतात, किंवा एखादा दुर्मीळ पक्षी ओरडत असेल. तो आवाज त्याच्याच कुत्र्याचा होता! वैज्ञानिक भाषेतला खुलासासुद्धा तपासून घ्यावा लागतो, तो असा.

मग तो चकाकणारा कुत्रा होता तरी काय? स्टेपल्टनने लंडनमधून एक दांडगा, क्रूर कुत्रा विकत घेऊन दलदलीतल्या एका बेटावर दडवून ठेवला होता. तिथे जायची वाट फार थोड्यांना ठाऊक. रात्री बाहेर काढताना त्याच्या तोंडाला तो फॉस्फरसचा लेप देई. फॉस्फरस म्हणजे आपले स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश असे आपण खतांच्या बाबतीत म्हणतो, त्यातलेच हे मूलद्रव्य. पण खतात ते दुसऱ्या द्रव्यांशी संयोग पावलेले असते, त्यामुळे ते चमकत नाही. शुद्ध पांढरे स्फुरद मात्र हवेतल्या प्राणवायूशी सावकाश संयोग पावते आणि अंधारात फिकट हिरवट प्रकाश देते. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे हेनिग ब्रांट याने १६६९ साली मूत्र आटवून ते प्रथम वेगळे केले. ‘प्रकाश धारण करणारा’ असाच त्या ग्रीक नावाचा अर्थ. हे द्रव्य भयंकर विषारी आहे, आणि थोड्याशा उष्णतेनेही पेट घेते. त्यामुळे खऱ्या कुत्र्याच्या तोंडाला ते फासले असते, तर आधी कुत्राच भाजून किंवा विषाने मेला असता. तेव्हा इथे लेखकाने थोडी सूट घेतली आहे, हे सांगितले पाहिजे. कुणी असला प्रयोग करून पाहू नये, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी एका धुक्याच्या रात्री सर हेन्री एकटा माळावरून चालत येतो आणि मागून तो कुत्रा झेपावतो. होम्स आणि वॉटसन गोळ्या झाडतात. वॉटसन मेलेल्या जनावराच्या तोंडाला हात लावतो, तर त्याचीच बोटे अंधारात चमकू लागतात. झाले! दंतकथा संपली. स्टेपल्टन पळाला तो दलदलीच्या दिशेने, आणि पुन्हा कधी दिसला नाही.

विचार करा, या माणसाने स्वतः काय केले? दंतकथा त्याने रचली नव्हती, ती आधीपासून होती. भीतीही त्याने निर्माण केली नव्हती, तीही घरोघर होती. सर चार्ल्स त्या शापाने इतके हबकले होते की, रात्री माळाकडे फिरकत नसत. स्टेपल्टनने एका बाईला पुढे करून त्यांना रात्री बागेच्या फाटकापाशी बोलावून घेतले आणि तयार भीतीला एक कुत्रा जोडला. बाकीचे काम दुबळ्या हृदयाने केले. ज्या समाजात भीती तयार असते, तिथे गुन्हेगाराचा निम्मा खर्च वाचतो.

हीच कथा वेष बदलून आपल्याकडेही आली. १९६२ साली निघालेला ‘बीस साल बाद’ हा हिंदी बोलपट पुष्कळांनी पाहिला असेल. जुना वाडा, पिढीजात शाप, परदेशातून आलेला वारस, रात्री माळावरून येणारे लताबाईंचे गाणे, आणि शेवटी भुताच्या जागी निघालेला माणूस. बोलपटाचे मूळ या कादंबरीतच आहे. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या रहस्यकथांनी एक पिढी वेडी केली, तर नारायण धारपांनी भयकथेचे दालन उघडले. या दोन वाटा वेगळ्या आहेत. भयकथेत भूत खरे मानून चालावे लागते, तो त्या खेळाचा नियमच आहे. हेरकथेत मात्र भूत आले की, ‘याची दोरी कुणाच्या हातात?’ असे विचारावे लागते. दोन्ही वाचाव्यात, पण कुठला नियम कुठे लागू आहे याचा विसर पडू देऊ नये.

आता या गोष्टीचा सर्वांत विलक्षण भाग सांगतो. तो कादंबरीत नाही, लेखकाच्या आयुष्यात आहे. ज्या डॉइल यांनी होम्सच्या तोंडून एवढा चोख विचार मांडला, ते स्वतः पुढे मृतात्म्यांशी बोलता येते असे मानू लागले. १९१६ साली त्यांनी हा विश्वास जाहीर केला. १९१८ साली त्यांचा मुलगा वारला, १९१९ साली भाऊ गेला. पुढे त्यांनी आपले उरलेले आयुष्य याच प्रचाराला वाहिले. इंग्लंडमधील कॉटिंग्ले या खेड्यात १९१७ साली दोन मुलींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले होते. डॉइल यांनी ते खरे मानले, १९२० साली त्याच ‘स्ट्रँड’ मासिकात त्यावर लेख लिहिला आणि १९२२ साली पुस्तकही काढले. त्या मुली पुढे म्हाताऱ्या झाल्यावर, १९८३ साली, त्यांनी कबूल केले की, त्या पऱ्या कागदावर काढून कातरलेल्या होत्या आणि टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या!

यावरून डॉइल यांना हसावे असे मला वाटत नाही. युद्धात घरोघरची मुले गेली होती, आणि मेलेले कुठेतरी आहेत असे वाटण्यात दुखावलेल्या मनाला आधार असतो. परंतु एवढे खरे की, बुद्धी, पदवी आणि कीर्ती यांनी माणूस भ्रमातून सुटतोच असे नाही. प्रत्येक वेळी नव्याने विचारावे लागते, आपण काय पाहिले आणि काय ठरवले? होम्सने हा प्रश्न विचारायचे कधी सोडले नाही, त्याच्या निर्मात्याने मात्र सोडले. गंमत अशी की, पुढच्या काळातही त्यांनी होम्सच्या कथांत खरे भूत कधी येऊ दिले नाही. १९२४ सालच्या एका कथेत रक्त शोषणाऱ्या पिशाच्चाचा संशय एका बिचाऱ्या आईवर येतो, आणि खरा प्रकार अगदी माणसांतला निघतो.

त्या आईची गोष्ट आपल्याला जवळची वाटायला हवी. कारण कादंबरीत भीतीचा बळी एक श्रीमंत जमीनदार आहे, पण आपल्या खेड्यापाड्यांत तो बहुधा गरीब असतो. ‘हिने करणी केली’ असे बोट दाखवले जाते, ते एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे किंवा विधवेकडे. कुणाचे मूल आजारी पडते, कुणाची गाय आटते. ही साक्ष खरी असते. निकाल मात्र भलत्याच माणसावर लागतो. आणि मग त्या म्हातारीच्या दोन गुंठे जमिनीवर कुणाचा डोळा होता, हा प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

महाराष्ट्राने यासाठी कायदा केला आहे. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा हा कायदा २०१३ सालचा. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचा छळ करणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करीत बसणे, हे सारे या कायद्याने गुन्हे ठरतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. देवपूजा, वारी, भजन, कीर्तन यांना या कायद्याचा काही अडथळा नाही. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

परंतु कायदा येतो तो बहुधा गोष्ट घडून गेल्यावर. घडण्याआधी काम करायचे ते शाळेने आणि ओसरीने. म्हणून शिक्षक मित्रहो, एक सूचना करतो. ही कथा वर्गात आपल्या शब्दांत सांगा, पण एका बैठकीत संपवू नका. बूट नाहीसा झाला, इथे थांबा. फळ्यावर तीन रकाने आखा : काय दिसले, लोकांनी काय ठरवले, आणि दुसरे काय असू शकेल. मुलांना भरू द्या. तिसऱ्या रकान्यात मुले अशा काही गोष्टी लिहितील की, आपणही चकित व्हाल. मग एखाद्या दिवशी गावातलीच एखादी गोष्ट त्याच तीन रकान्यांत घालून पाहा. फक्त कुणाच्या आजीला खोटे पाडू नका. आजीने जे पाहिले ते पाहिलेच, असे आधी म्हणा. पुढचे विचारणे त्यानंतर सोपे जाते.

आणि ओसरीवरच्या मंडळींनो, भुताच्या गोष्टी बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. त्या सांगाव्यात, ऐकाव्यात, थोडे घाबरावेही. पण उद्या गावात कुणी अचानक मेले आणि कुणी म्हणाले, ‘झपाटला’, तर गोष्टीची रात्र संपली असे समजावे. त्या वेळी शांतपणे एवढेच विचारावे : ‘नक्की काय पाहिलं, दादा? आणि यात फायदा कुणाचा?’